त्रिंबकबुवांची बोलती पोथी

नांदूरघाटाच्या अलीकडे असलेल्या एका लहानशा गावात दर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते, आणि त्या पोथीला दोन माणसे लागतात. एक वाचणारा व दुसरा सांगणारा. वाचणारा ओवी वाचतो आणि सांगणारा तिचा अर्थ लोकांच्या भाषेत उलगडून दाखवतो. सांगण्याचा मान त्रिंबकबुवांकडे होता व वाचण्याचा राधाकिशनकडे. दोघांनी मिळून गावाला इतके श्रावण ऐकवले होते की, एकाचे नाव निघाले म्हणजे दुसऱ्याचे आपोआपच तोंडी येई.

तथापि काळाची गती कोणाला चुकली आहे? काचबिंदूने त्रिंबकबुवांची दृष्टी हळूहळू हिरावून नेली. तरीही पोथीचे काही अडले नाही, कारण राधाकिशनचे डोळे शाबूत होते. यंदा मात्र राधाकिशनला त्याच्या मुलाने कायमचे माजलगावला नेले, आणि बुवांची दृष्टी जणू दुसऱ्यांदा गेली.

गावात ओवी धड म्हणू शकेल असा दुसरा माणूस उरला नव्हता. तेव्हा सरपंचांचे धाकटे बंधू विजयसिंह यांनी देवळात सर्वांसमक्ष तोडगा काढला.

"बुवा, आता तुमी आराम करा. आपुन पेनड्राइव्ह लावू. वाचणं, अर्थ, समदं त्यात हाय. भोंग्यावर घरबसल्या ऐका."

विजयसिंहांच्या मनात खोट नव्हती. परंतु 'घरबसल्या' हा शब्द बुवांच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखा रुतला. शेताचा कारभार मुलाकडे गेला होता, बाजाराला जाणे सुटले होते. देवळातली ती एक जागा सोडली, तर गावाने ज्याची वाट पाहावी अशी त्यांची दुसरी जागा कोठेही राहिली नव्हती.

"पैल्या दिवशी मला बसू द्या," ते म्हणाले. "न्हाईच जमलं तर दुसऱ्या दिवशी लावा तुमचं."

"आन् वाचणार कोन? मारुतराया?" सुग्रीव म्हणाला. हा सुग्रीव बुवांचा बालमित्र, आणि त्याच्या जिभेला हाड नाही हे सर्वश्रुत होते.

घरी येऊन बुवांनी ही हकीकत सुनेला सांगितली. सून शिवकन्या ही दूध संकलन केंद्रावर संगणकाचे काम पाही. केंद्रातला एक जुना लॅपटॉप तिच्याकडे होता. तिने शोधाशोध केली, तेव्हा असे आढळले की, तीच पोथी एका संस्थेने दृष्टिहीनांसाठी संगणकावर उपलब्ध केली असून संगणक ती स्वतः मोठ्याने वाचून दाखवतो. तिने सासऱ्यांना दुपारी ओसरीवर बसवले आणि त्यांची बोटे कळांवर ठेवली.

"मामा, हितं बारीक उंचवटा लागतो का?"

"लागतो. तिळाएवढा."

"त्याच्या डाव्या अंगाला लागून जी कळ हाय, ती दाबली की पुढला अध्याय. आन् ही डाव्या काठाची, खालून दुसरी. ही दाबली की वाचणं थांबतं, पुन्हा दाबली की तिथूनच फुडं. दोन्ही संगं दाबल्या की मागं."

"आन् कायबी न्हाई दाबलं तर?"

"तर ते आपलं वाचत राहतंय."

बुवांनी हे शेवटचेच तेवढे मनाशी धरले. त्याला कारणही तसेच होते. पोथी मध्येच तोडू नये आणि तिचे पान ओलांडू नये, हा नेम त्यांनी लहानपणापासून पाळला होता. ते रोज दुपारी स्नान करून संगणकापुढे हात जोडून बसत. संगणक प्रकाशकाचा पत्ता वाची, पोथीची किंमत वाची, लांबलचक प्रस्तावना वाची, आणि बुवा ते सर्व भक्तिभावाने श्रवण करीत. कंठ सुकला तरी ते पाण्याला उठत नसत. दुसऱ्या दिवशी पुस्तक नव्याने उघडले की पुन्हा प्रकाशकाचा पत्ता!

शिवकन्येने हे पाहून कपाळावर हात मारला. "मामा, तुमी कावून त्याच्या धाकात बसता? थांबवा की त्याला!"

"माय, पोथी हाय ती. रेडिओ न्हवं."

तिने फार वाद घातला नाही. सासऱ्यांच्या नेमापुढे बोलणे तिला प्रशस्त वाटले नसावे.

श्रावणाचा पहिला दिवस उजाडला आणि मावळलाही. देवळात समया लागल्या. पाटावर पोथीच्या जागी लॅपटॉप ठेवला होता आणि त्याला शेजारी ध्वनिवर्धक जोडला होता. यंदा पोथी यंत्र वाचणार म्हणून कधी न येणारेही आले होते. बुवांनी फेटा सारखा केला.

वाचन सुरू झाले. प्रकाशकाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, किंमत!

"बुवा, ह्यो अध्याय आदुगर कधी ऐकला न्हवता!" सुग्रीव ओरडला. देऊळ खदखदून हसले.

बुवा अविचल बसून राहिले. प्रस्तावना लांबत गेली. पोरे चुळबुळू लागली, दोघेतिघे उठून बाहेर तंबाखू मळू लागले. अखेरीस पहिला अध्याय लागला. परंतु संगणकाला ना श्वास घ्यायचा होता, ना कोणाची वाट पाहायची होती. राजाची हत्तीण रुसली, तिने चारा सोडला, राजा अंगणात आला, राणी मागून आली, आणि अर्थ सांगायला यत्किंचितही फट मिळेना.

"आरं, अर्थ कुठं हाय?" खांबाला टेकून बसलेली म्हातारी दगडाबाई कळवळली. "समदं वाहून चाललं की!"

तेवढ्यात बुवांचा उजवा हात आपसूक वर गेला. इतकी वर्षे तो असाच वर जात असे, आणि तो दिसताच राधाकिशन ओवीवर बोट ठेवून गप्प राही. संगणक गप्प राहिला नाही. आंधळ्या माणसाचा तो हात यंत्रापुढे तसाच उभा राहिलेला पाहून मागच्या बाजूने पुन्हा हशा उठला.

"ऱ्हाऊ द्या, बुवा," विजयसिंह हळूच म्हणाले. "लई झालं. उद्या आपुन दुसरं लावू."

बुवांचे कान तापले. हात खाली घ्यावा, काठी चाचपावी आणि घरचा रस्ता धरावा, असे त्यांना क्षणभर वाटले. आणि त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आले की, हा हात वर करून आपण राधाकिशनला उभ्या हयातीत अगणित वेळा मध्येच थांबवले आहे. तेव्हा पोथी तुटली होती काय? उलट लोक तेव्हाच तर पुढे सरकून बसत! दगडाबाई म्हणे, "पुन्यांदा म्हण," की राधाकिशन तीच ओवी पुन्हा म्हणत असे. त्यानेही देव कधी कोपला नव्हता.

बुवांनी हात खाली आणला. मांडीवर ठेवण्याऐवजी तो संगणकावर ठेवला. डावा काठ, खालून दुसरी.

संगणक थांबला. बाहेर तंबाखू मळणारे देखील आत डोकावले.

"हां," बुवा म्हणाले. "गाडी लई फुडं गेली. मागं आणतो." त्यांची बोटे तिळाएवढा उंचवटा शोधत सरकली. दोन कळा संगतीने दाबल्या गेल्या. 'अध्याय पहिला,' संगणक म्हणाला, आणि एका ओवीनंतर बुवांच्या बोटाखाली थांबला.

"आता बघा, ही हत्तीण कावून रुसली? राजानं तिला सोन्याची साखळी केली. पन रोज सांजच्याला तिच्या सोंडेवरनं हात फिरवायचा, त्यो इसरला. घरातलं मानूस असंच रुसतं. त्याला खायला कमी नसतं बाबांनो, त्याला कोन इचारत न्हाई!"

"आगदी खरं हाय!" दगडाबाई म्हणाली, आणि पदराने डोळे टिपून तिने आपल्या सुनेकडे पाहून घेतले.

मग एक ओवी संगणकाची आणि एक अर्थ बुवांचा, असा अध्याय चालू लागला. एकदा बोट घसरून पोथी भलत्याच अध्यायात गेली. सुग्रीव "धरा, धरा!" म्हणून ओरडला, आणि बुवांनी तिला न घाबरता परत आणली. आता लोक हसले ते त्यांच्याबरोबर हसले.

आरतीनंतर विजयसिंह पाटाजवळ येऊन बसले. "बुवा, मानलं तुमाला. मग उद्यापास्नं भोंगा यालाच जोडू का? समद्या गावाला घरबसल्या ऐकू जाईल."

"भोंगा नगं," बुवा म्हणाले. "ज्याला ऐकायचं त्यानं हितं यावं. मला समोर मानसं लागत्यात."

एवढे बोलल्यावर आपल्याला विलक्षण तहान लागली आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. शिवकन्येने तांब्या हाती दिला. देवळातून निघणारी माणसे "येतो बुवा," "उद्या येतो बुवा," म्हणत होती, आणि बुवा प्रत्येकाला मान डोलावून, मध्ये मध्ये थांबत, निवांतपणे पाणी पीत होते.