अक्कांच्या कमरेचा दोरा

माझ्या नवऱ्याचा जीव माझ्या नणंदेच्या पोटात अडकला होता. हसू नका, खरंच सांगते. दयानंदचं लिव्हर गेलं होतं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस, सगळं आयुष्य पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहिलेला. पण जुन्या काविळीनं आतून पोखरला. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणीतरी लिव्हरचा तुकडा द्यायला हवा. माझा रक्तगट जुळेना. जुळला तो होसकोट्याच्या भाग्यलक्ष्मी अक्कांचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा. आणि अक्का अंगानं चांगल्या भरलेल्या.

"नुसतं वजन बघू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आणा. पोट सुटलं की चरबी लिव्हरमध्येही साठते. ती उतरली तरच यांचं लिव्हर घेता येईल."

राजाजीनगरच्या घरी आल्या आल्या दयानंदनं करदोड्यासाठी आणलेला काळा दोरा काढला. अक्कांना भिंतीशी उभं करून टाचेपासून डोक्यापर्यंत मापून कापला, दुहेरी केला आणि त्यांच्या कमरेला घातला. टोकं भेटेनात. मध्ये चांगली वीतभर जागा.

"जॉब साइजमध्ये नाही अक्का, घासावा लागेल," तो लेथवरच्या भाषेत म्हणाला.

"घास की मग. आण तुझी लेथ," अक्का म्हणाल्या. दोघं बहीणभाऊ हसत बसले. मला काही हसू आलं नाही.

अक्कांनी त्याच दिवशी नेम धरला. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. आता आमच्यात उपास म्हणजे काय ते तुम्हाला काय सांगायचं? तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस. दर रविवारी त्या बसनं माप द्यायला यायच्या, आणि जाताना मीच डब्यात दाण्याचे लाडू भरून द्यायची. भावासाठी उपाशी राहते बिचारी, असं वाटायचं. महिना गेला आणि टोकं जवळ यायची सोडून आणखी लांब गेली. माझं डोकंच फिरलं.

"अक्का, चोरून काय खाताय?" मी तोंडावर विचारलं.

"देवाशपथ गं अंजली, उपासाशिवाय दुसरं काही नाही," म्हणून त्या रडायलाच लागल्या. डॉक्टरीणबाईंनी साबुदाण्याचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तो महिना आम्ही दोघींनी मोठ्या भक्तीनं वाया घालवला.

मग मात्र अक्कांनी कंबर कसली. उपास बंद, एक भाकरी, भाजी, ताक, आणि पहाटे उठून तळ्याभोवती चालणं. गुडघे सुजायचे, तरी चालायच्या. मी इतकी वर्षं या बाईला नावं ठेवली, आता बस चुकली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. इकडं दयानंदच्या पोटात पाणी भरायला लागलं. हातापायांच्या काड्या आणि पोट टम्म. एक पोट उतरायची वाट बघत होतो, तर घरात दुसरं वाढत होतं. तरी रविवार आला की तो उशीला टेकून बसायचा आणि दोरा मागायचा. "स्वल्पच राहिलं अक्का," म्हणायचा.

आणि एका रविवारी टोकं भेटली. नुसती भेटली नाहीत, गाठ मारण्याइतकी उरली. त्यानं स्वतः गाठ मारली. "ऑपरेशनपर्यंत सोडू नकोस," म्हणाला. अक्कांनी त्याच्या गालावर हात फिरवला. स्कॅन चांगलं आलं, तारीखही मिळाली. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तारखेआधीच त्याला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. आता त्याचं शरीर ऑपरेशन सोसणार नाही, म्हणाले. एक महिना आधी आला असतात तर, असं कुणीही म्हणालं नाही. मीच मनात म्हणत राहिले, अजून म्हणते. दयानंद गेला. घाटावर त्याच्या कमरेचा करदोडा कापला.

तेराव्याला शेजारची बाई अक्कांना म्हणाली, "किती छान बारीक झालात हो. काय केलंत?"

अक्कांनी पदर पोटाभोवती ओढून घेतला. त्या बाईला हाताला धरून बाहेर काढावं असं मला वाटलं. पण पाहुण्यांनी घर भरलं होतं. मी अक्कांना स्वयंपाकघरात नेलं आणि ताट वाढलं. भात, वरण, तूप.

"नको गं," त्या म्हणाल्या. पदराखाली हात घालून त्यांनी दोरा चाचपला. आणखी वाळल्या होत्या, तो ढिला होऊन खाली घसरला होता. "गाठ सोडवत नाही मला. त्याची आहे."

"नका सोडू. पण जेवा. आता कुणाला माप द्यायचं नाही अक्का."

मी भात कालवला आणि पहिला घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो घेतला. एका हातानं दोरा घट्ट धरून त्या किती तरी वेळ तो एकच घास चावत राहिल्या.