सुतळीनं बांधलेला हात

उत्कर्षा मॅडमचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरायचं. "सावकाश... जेवढं जमेल तेवढंच... चेहऱ्यावर हसू असू द्या." कशाचं हसू? ऑगस्टात डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, केमोनं डोक्यावरचे केस गेले, आणि ही पंचविशीतली पोरगी मला हसायला सांगत होती.

सांगलीच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर दर गुरुवारी हा योगाचा वर्ग भरायचा. कॅन्सरची आम्ही दहा-बारा माणसं खुर्च्यांवर बसून लांब श्वास घ्यायचो आणि हळूहळू हात वर न्यायचो. माझा डावा हात खांद्यापाशी अडायचा. त्याच्या वर न्यायला गेलं की कुणी काखेतून दोरी ओढल्यासारखं व्हायचं.

बाकीच्यांचं तेवढ्यावर भागत असेल. माझं भागणार नव्हतं. मी तासगावकडची, द्राक्षबागेत राबणाऱ्या तेरा बायकांच्या टोळीतली. आमचं बरंचसं काम डोक्याच्या वर. विरळणीच्या दिवसांत डाव्या हातानं मांडवाचा घड धरायचा आणि उजव्या हातातल्या कात्रीनं जास्तीचे मणी काढायचे, दिवस मावळेपर्यंत. हात वर न जाणारी बाई टोळीत काय करणार, पाणी पाजत फिरणार? वीस वर्षं मी त्या टोळीत होते. ती जागा गेली तर माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"मॅडम, ह्यो हात मांडवाला कवा लागंल?" मी एकदा विचारलंच.

"आत्ता तो विचार नको. हाताला आरामात राहू द्या."

"आरामाला हाय की घरची खाट. त्यासाठी यष्टीनं हितवर कशाला येऊ?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. ती मात्र हसली. मला तिच्या त्या हसण्याचीच जास्त चीड आली.

विरळणी तर तोंडावर आली होती. आमची मुकादमीण हौसाक्का रोज फोन करायची आणि मी रोज सांगायचे, "ह्या सोमवारी येते." सोमवार गेला की पुढचा सोमवार.

मग मी माझं डोकं चालवलं. वेलीची काडी वळत नसली की आम्ही ती सुतळीनं तारेला बांधतो. आठ-पंधरा दिवस बांधून ठेवली की गप वळते. वीस वर्षांत हजारो काड्या मी अशा वळवल्या होत्या, मग हाताला काय झालं? आमच्या घरामागेच भरतेश अण्णांची बाग आहे. भर दुपारी तिथं कुणी नसताना मी मनगटाला सुतळी बांधली, दुसरं टोक तारेवरून टाकलं आणि उजव्या हातानं ओढलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण हात वर गेला. गाठ दातांनी आवळली आणि तासभर तशीच उभी राहिले. असं सलग पाच दिवस केलं.

सहाव्या दिवशी हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजला. मनगटावर सुतळी रुतली होती तिथं लाल झालं आणि अंगात ताप भरला. चार दिवस सांगलीच्याच दवाखान्यात सलाईनवर काढले. तिथं उत्कर्षा मॅडम आली, मनगट बघितलं आणि तिचा तो मऊ आवाज कुठल्या कुठं गेला.

"अक्कल गहाण टाकलीत का? या हाताला दोरा बांधायचा नाही, जखम होऊ द्यायची नाही, पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

"तुमी कवा हात वर जाईल त्ये सांगत न्हाई, मग मी काय करू?"

ती खुर्ची ओढून बसली. "या हंगामात नाही जाणार, भामाबाई. थोडा थोडा वर येईल. पण दिवसभर वर धरून काम करण्याइतका कधी होईल, होईल की नाही, मला माहीत नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. सगळ्यांसमोर तुमची आशा तोडायला नको वाटलं."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं निघून जावं एवढंच मला हवं होतं, आणि ती गेली.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी हौसाक्का दारात. हातात कात्री, कपाळावर आठ्या.

"भामे, दोन आठवडं तेरा बायकांचं काम बारा जणी वढतोय. तुजी जागा दुसरीला दिली न्हाई म्हून पोरी मला शिव्या घालत्यात. आन तू सोमवार-सोमवार करतीस! येनार का न्हाई, त्ये बोल."

जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती. मला वाटत होतं की आक्का ती हिसकायला टपलीय. मी पदर बाजूला करून हात दाखवला.

"न्हाई येनार," मी म्हणाले. "कवाच न्हाई, धर."

तिनं हाताकडे एकदा बघितलं, फोन काढला आणि माझ्यासमोरच भाचीला लावला. "उद्यापासनं ये. व्हय, भामाच्या जागी. कात्री घिऊन ये."

वीस वर्षांची जागा एका फोनात गेली. तिला उंबऱ्याबाहेर ढकलावं म्हणून मी उजवा हात तिच्या खांद्यावर टाकला, पण ढकलायला जोरच राहिला नाही.

"लय दुखतंय व्हय गं?" तिनं विचारलं.

ऑपरेशन झाल्यापासून हे मला शंभर जणांनी विचारलं होतं आणि शंभर जणांना मी नाही म्हटलं होतं. 

"व्हय," मी म्हणाले. "लय दुखतंय, आक्का."