शेवटच्या शब्दापासून

एकांत हीच माणसाची खरी मिळकत, अशी ठाम धारणा असलेल्या त्या गृहस्थानं न्हाणीघराची कडी लावली, ती लागली की नाही हे दोनदा ओढून पाहिलं, एक पाय उपड्या बादलीवर ठेवला आणि मूळव्याधीच्या मलमाची ट्यूब दाबली. ट्यूबमधून नुसती हवा आली.

त्यानं ट्यूब उजेडाशी धरली. तिला तो नेहमी शेपटाकडून गुंडाळत आणत असे, कारण ट्यूब दाबण्याची दुसरी पद्धत सुशिक्षित माणसाला शोभत नाही असं त्याचं मत होतं. शेपटाकडच्या तीन गुंडाळ्या त्याच्याच होत्या. पण मध्यभागी, पोटावर, अंगठ्याचा एक खोल ठसा होता. तो त्याचा नव्हता.

दाढीच्या डब्यामागची ही जागा घरात कोणाला ठाऊक नाही, असं तो दोन वर्षं समजत होता.

घरात माणसं तीन. तो, बायको आणि त्याचे वडील, अण्णा. अण्णा टूथपेस्ट मधोमध दाबत. संशयाला तेवढं पुरे होतं.

"अण्णा, तुम्हाला काही त्रास वगैरे आहे का?" चहाच्या वेळी त्यानं विचारलं.

"कसला?"

"म्हणजे, बसताना वगैरे."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. "बसताना नाही. तुझ्या या खुर्चीवरून उठताना आहे. आणि पोटाचं विचारत असशील तर माझं पोट म्हणजे घड्याळ. तुझंच बघ. उभ्यानं चहा पितोयस."

बायको ओट्यापाशी पाठमोरी होती. एरवी अशा बोलण्यावर तिचे खांदे हसत. आज हलले नाहीत.

तो छापखान्यात मुद्रितशोधक होता. औषधांच्या खोक्यांत घालायची पत्रकं तिथं छापली जात. पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं, सोळा घड्या. ती छापण्याआधी तपासणं हे त्याचं काम, आणि ते तो उलटं करी: शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत. सरळ वाचलं की माणूस अर्थाच्या नादी लागतो आणि चूक डोळ्यांदेखत निसटते, असं तो नव्या लोकांना सांगे. उलट वाचताना अर्थ आडवा येत नाही. समोर उरतो तो फक्त शब्द, शुद्ध किंवा अशुद्ध. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक वेलांटीही चुकीची गेली नव्हती. छापखान्यात त्याला 'कानामात्रा' म्हणत, आणि त्याच्या खुर्चीवरच्या गोल, मधोमध भोक असलेल्या रबरी उशीला 'सिंहासन'. जे मलम तो वापरत होता, त्याचंही पत्रक त्याच्याच टेबलावरून गेलं होतं. त्यानं ते कधी वाचलं नव्हतं. तपासलं होतं.

संध्याकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर त्याला पहिल्यांदा दिसलं. म्हणजे ते तिथंच होतं; पण तारखांच्या कोपऱ्यांत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, त्या दिसल्या. बायको दुधाचे खाडे लिहायची, पण ते शाईनं. या रेघा रोज होत्या, एकही दिवस न चुकता. त्यानं मागचं पान उलटलं. तिथंही होत्या. सवयीनं त्यानं शेवटच्या रेघेपासून मागं मोजत नेलं. चव्वेचाळीस.

"हे काय मोजतेयस?"

"काही नाही." ती आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. "असंच."

असंच या शब्दानंतर घरात फारसं चांगलं कधी ऐकायला मिळालेलं नव्हतं. तो आत जाऊन उभा राहिला. तिच्या चष्म्याचं घर टेबलावर उघडं होतं आणि त्यात पातळ कागदाची चौकोनी घडी होती. कागद त्यानं लांबूनच ओळखला. घडी मात्र कारखान्यातली नव्हती. बऱ्याच वेळा उघडून, बऱ्याच वेळा मिटून झालेली होती.

त्यानं ती उलगडली. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. आयुष्यात प्रथमच त्यानं ते पत्रक पहिल्या शब्दाकडून शेवटच्या शब्दाकडे वाचलं.

'मलम वापरूनही सात आठवड्यांत रक्तस्राव न थांबल्यास तत्काळ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.'

सात आठवडे आणि तत्काळ एकाच वाक्यात गुण्यागोविंदानं नांदत होते.

इस्त्री कॉलरवरून फिरत राहिली.

"रक्त पडतंय तुला?"

"थोडं."

"कधीपासून?"

"अजून पाच दिवस आहेत," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही.

"नाही थांबलं तर जाणारच होते मी. लिहिलंय तसं. उगाच पहिल्याच दिवशी धावत सुटायचं, आणि डॉक्टरनं म्हणायचं, बाई, कागद वाचता येत नाही का?" तिनं सदरा उलटा केला. "आणि हे तर तुमच्याच छापखान्याचं. खाली नाव बघितलं मी. म्हटलं, यांच्या नजरेखालून गेलंय, म्हणजे प्रश्नच नाही."

"मला सांगायचंस."

"तुम्ही सांगितलंत का? दोन वर्षं डब्यामागं लपवताय. वाटलं, यांना लाज वाटते, तर आपण कशाला विषय काढा. जपूनच घेत होते मी. तुम्हाला कमी पडायला नको म्हणून."

"उद्या जाऊ डॉक्टरकडे."

"पाच दिवस राहिलेत फक्त," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली, जणू घाई त्याला झाली होती.

दुसऱ्या दिवशी छापखाना उघडण्याआधी तो दारात होता. जुन्या कामांच्या कपाटातून त्यानं मलमाची फाइल काढली. कंपनीकडून आलेली मूळ प्रत वर होती: 'सात दिवसांत'. खाली त्यानं तपासलेला कच्चा छाप: 'सात आठवड्यांत'. अक्षरं जुळवणाऱ्याचे डोळे कुठल्या तरी दुसऱ्या पत्रकावर घसरले असणार. त्याच ओळीत लाल शाईची एक दुरुस्ती होती. जुळवणाऱ्यानं 'रक्तस्त्राव' असं लिहिलं होतं. त्यानं त्यातला जास्तीचा त काढून 'रक्तस्राव' केलं होतं. कोपऱ्यात त्याची सही. आठवड्यांत हा शब्द शुद्ध होता. त्याला हात लावायचं काही कारणच नव्हतं.

मालकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"किती छापली होती?"

"चाळीस हजार," मशीनवाला दारातून म्हणाला. "तीन महिने झाले जाऊन."

"तक्रार?"

"नाही."

"मग झालं तर." मालकांनी फाइल मिटली. "कानामात्रा, अहो, हे पत्रक वाचायला नसतं. खोक्यात ट्यूब खडखडू नये म्हणून असतं. बावीस वर्षांत एक वाचक दाखवा मला."

"आहे एक," तो म्हणाला. "आज दुपारी तिला डॉक्टरकडे न्यायचंय. अर्धी रजा हवी."

मालकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले, "पूर्ण घ्या."

घरी आल्यावर त्यानं चपला न काढताच सांगितलं.

"ते दिवस होते. आठवडे नव्हते. माझ्या हातून गेलं."

ती पदराला हात पुसत कॅलेंडरपाशी गेली, मागचं पान उलटलं आणि सातव्या रेघेवर बोट ठेवलं. तिथून पुढं एकेक रेघ मोजत आली. तिचे ओठ हलत होते.

"सदतीस," ती म्हणाली, आणि साडी बदलायला गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलत. पडद्यामागं त्यांनी बराच वेळ घेतला. बाहेर तो भिंतीवरचं हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र शेवटच्या पायरीपासून पहिल्या पायरीपर्यंत पाहत राहिला.

"मूळव्याध आहेच," हात पुसत बाई म्हणाल्या. "पण आणखी आत एक गाठीसारखं दिसतंय. उद्या दुर्बिणीनं काढून तपासायला पाठवू. काय आहे ते रिपोर्ट आल्यावरच सांगता येईल. आठ दिवस लागतील." त्यांनी कागद पुढं ओढला. "रक्त किती दिवसांपासून?"

"सहा आठवडे," बायको म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "या वयात पहिल्यांदा रक्त दिसतं आणि तुम्ही सहा आठवडे थांबता? कशासाठी?"

तो तोंड उघडणार, एवढ्यात बायकोनं त्याच्याकडे न पाहता उत्तर दिलं.

"कामं होती घरात."

दुसऱ्या दिवशी गाठ काढली. छोट्या बरणीत, पाण्यासारख्या द्रवात ती बोराच्या बीएवढी दिसत होती. बरणीवर चिकटवलेल्या पट्टीवरचं बायकोचं नाव त्यानं दोनदा तपासलं. शुद्ध होतं. पण तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही.

मग आठ दिवस. कॅलेंडरवर रेघा थांबल्या होत्या; आता तो मनात ओढत होता. नवी ट्यूब त्यानं बायकोच्या उशाशी नेऊन ठेवली आणि स्वतः उभ्यानं जेवू लागला. अण्णांना कोणी काही सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, "या घरात भांडी वाजायची बंद झाली म्हणजे कोणीतरी आजारी असतं. कोण ते सांगू नका. बरं होऊ द्या म्हणजे झालं." त्या दिवसापासून आपलं ताट ते स्वतः धुऊ लागले, आणि मुद्दाम वाजवून धुऊ लागले.

छापखान्यात समोर येणारं प्रत्येक पत्रक तो आता सरळ वाची. चक्कर येणे. दृष्टी अंधुक होणे. क्वचित प्रसंगी. बावीस वर्षं आपल्या टेबलावरून काय काय गेलं, ते त्याला या आठ दिवसांत समजलं. काम निम्म्यावर आलं आणि वेलांट्या चुकू लागल्या. त्यानं कंपनीला पत्रही लिहिलं: चूक आपली, बाजारातली पत्रकं मागं घ्यावीत. उत्तर एका ओळीचं आलं. 'नोंद घेतली आहे.'

रिपोर्ट घ्यायला दोघं गेली. तपासणी केंद्राच्या पायऱ्यांवर त्यानं लिफाफा फोडला. कागद हातात आला तसे डोळे आपोआप खाली गेले, तळाच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर.

'नाहीत'.

तो पायरीवर बसला, उशीशिवाय, आणि बसल्याचं त्याला कळलंही नाही.

"काय लिहिलंय?"

"नाहीत," तो म्हणाला. "आढळल्या. पेशी."

"सुलटं वाचा हो," ती म्हणाली. "मला कळेल असं."

त्यानं वाचलं. 'तपासलेल्या भागात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.' तिनं कागद त्याच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचला. मग घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला.

"छापलंय कोणी हे?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे नाही."

"मग ठीक आहे."

पुढच्या महिन्यात मलमाच्या पत्रकाची नवी छपाई आली. कंपनीनं पत्रक निम्म्या आकाराचं केलं होतं, आठ घड्यांचं. मुद्रितशोधकानं कच्चा छाप समोर घेतला आणि सरळ वाचला. ते वाक्य त्याला सापडलं नाही. पुन्हा वाचला. मग लाल शाईनं समासात ते त्यानं पूर्ण लिहिलं, दिवसांसकट, आणि कागद घेऊन मालकांकडे गेला.

मालकांनी मूळ प्रत उघडली, बोटानं ओळी उतरत खाली आले आणि मान हलवली.

"प्रतीत नाही हे. जागेसाठी काढलंय म्हणतात. प्रतीत नाही ते आपण कधीपासून घालायला लागलो?"

त्यानं स्वतः पाहिलं. प्रतीत नव्हतं. जागेवर येऊन तो सिंहासनावर बसला आणि पत्रक उलटं तपासलं, शेवटच्या शब्दापासून.

उरलेल्या मजकुरात एकही चूक नव्हती.