एक ते चार

मागच्या वर्षी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या मंडळींची व्हिएतनामची सहल मी आखली. तीन महिने नकाशे पसरून बसलो, हॉटेलं शोधली, कुठल्या देवळात कुठल्या दाराने शिरायचं इथपर्यंत लिहून दिलं. निघायला आठवडा राहिला आणि आमचे सेक्रेटरी बद्रीनाथ दारात उभे. "काका, तुम्ही राहू द्या. तुमच्या गुडघ्यांपायी सगळ्यांचा खोळंबा होईल." माझ्या जागी त्यांचा मेहुणा गेला. मंडळी परतल्यावर मला फ्रिजवर लावायचं चुंबक मिळालं. तेही चिकटत नव्हतं.

यंदा तेच बद्रीनाथ पेढे घेऊन आले.

"मी आणि हेमा, दोघंच. स्वित्झर्लंड. आखणी तुमच्याच हातची हवी."

"बसा ना. काय काय बघायचंय?"

"काहीही दाखवा. फक्त एक ते चार मोकळं ठेवा. जेवल्यावर मला आडवं व्हावंच लागतं."

"परदेशातसुद्धा?"

"का, परदेशात दुपार होत नाही?"

माझे दोन्ही गुडघे आनंदाने करकरले.

पंधरा दिवस नेटवर लोकांच्या तक्रारी वाचल्या. शेवटी हवी ती सापडली: गाव देखणं, न्याहारी उत्तम, पण खिडकीसमोरच चर्चचा मनोरा आणि दर पाव तासाला घंटा. आरक्षण रद्द होत नाही. तीच खोली घेतली, सहा मुक्काम. वेळापत्रकात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दुपारी एक ते चार: खोलीवर विश्रांती.'

पहिल्याच दुपारी फोन आला. इकडे साडेचार वाजलेले, मी झोपून उठून चहा घेत होतो.

"काका, घंटा!"

"ऐकू येतेय हो. छान आहे."

हेमावहिनी सांगतात, तिसऱ्या दिवशी त्या दणक्याने बद्रीनाथांची कवळी पेल्यातून उडाली ती थेट पलंगाखाली. पाचव्या दिवशी समोरच्या डोंगरावरचा बर्फ घसरला, पण तो घंटेने नव्हे, बद्रीनाथांच्या ओरडण्याने. मी वाढवून सांगत नाही. उलट थोडं कमीच केलंय.

विमानतळावरून ते बॅगांसकट माझ्या दारात आले. डोळे टोमॅटोसारखे.

"मुद्दाम केलंत ना?"

"छे हो. म्हटलं, तुमच्या झोपेपायी सहलीचा खोळंबा नको."

त्यांनी तिथेच बॅग उघडली. आतून गाईच्या गळ्यातली, कलिंगडाएवढी घंटा काढली आणि खाली गेले. संध्याकाळी ती सोसायटीच्या फाटकावर टांगलेली, म्हणजे बरोबर माझ्या बेडरूमखाली. शेजारी पाटी: 'आत येण्यापूर्वी घंटा वाजवावी. दुपारी १ ते ४ जोरात वाजवावी. हुकमावरून, सेक्रेटरी.' त्यांचा फ्लॅट मागच्या बाजूला आहे.

महिना झाला, मी दुपारचा डोळा मिटलेला नाही. पण वेळ वाया घालवत नाहीये. जगाच्या उत्तर टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हणे. तिथे बिनपडद्याची एक खोली शोधतोय. मिळाली की या खेपेला पेढे घेऊन मीच जाणार.