उरलेली फळी

मी चिडले की माझा आवाज पत्र्यावर जाऊन आपटतो, असं बाबा म्हणतात. त्या दिवशी तो चांगलाच आपटत होता.

"बाबा, ड्रिल खाली ठेवा."

"तू गप गं. चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय मी."

मोटारींचं गॅरेज चालवताय, घोडागाडीचं नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. ही गाडी आमच्याकडे सुटी होऊन आली होती, सहा पेट्यांतून. "जुन्या लाकडाला एक जरी नवं भोक पाडलंत तर गाडी दुसरीकडे नेईन," असं संग्रहालयाच्या मॅडमनी बजावलं होतं. दुखऱ्या गुडघ्यांपायी बाबा गॅरेज बंद करणार होते. जाता जाता एवढं एक काम त्यांना धड करून दाखवायचं होतं.

सगळं जोडलं आणि एक फळी उरली. वाकलेली, हातभर उंच, खाली चार भोकं.

चिखल उडवतं चाक, म्हणून फळी चाकामागे, असं बाबांचं म्हणणं. तिथे भोकं जुळेनात, म्हणून त्यांना नवी पाडायची होती. मॅडम तासाभरात येणार होत्या.

मी त्यांचा हात धरला. "आधी एक फेरी मारू. मग भोकं काय, खिडक्या पाडा."

गाडी चालवून बघायला मॅडमनी पाठवलेला घोडेवाला घोडा जुंपून तयारच होता. मी पुढे त्याच्याशेजारी बसले. गाड्या धुतो तिथल्या राड्यात घोडा जरा पळाला मात्र, थपकन माझं तोंड भरलं. डोळ्यांत चिखल, दातांत चिखल. बाबा पोट धरून हसत होते.

मी थुंकले आणि वाकून खाली पाहिलं. चाकं तर माझ्या मागे होती. चिखल आला होता टापांचा.

उडी मारून धावले, फळी आणली, बसायच्या जागेपुढे पायांशी उभी धरली. चारही भोकं जुळली. मी आनंदानं ओरडलेच.

मॅडम आल्या, बघतच राहिल्या. "अरे वा, डॅशबोर्ड बसला."

"डॅशबोर्ड? मग वेगाचे, पेट्रोलचे काटे कुठायत?" बाबा म्हणाले.

"काटे फार नंतरचे, काका. डॅश म्हणजे जोरात उडून आपटणं. टापांचा चिखल अंगावर आपटू नये म्हणून ही फळी. घोडे गेले, नाव मोटारीत आलं."

बाबांचं अर्धं आयुष्य डॅशबोर्डखाली उताणं पडून वायरी शोधण्यात गेलंय. ते फळीवरून हात फिरवत राहिले.

"नवं भोक नाही ना?" मॅडमनी विचारलं.

बाबांनी खालचा कोपरा दाखवला. तिथे मोहरीएवढा ठिपका होता. "ड्रिलचं टोक टेकलं होतं. हिनं हात धरला."

मॅडमनी ठिपका पाहिला, मग माझं चिखलानं माखलेलं तोंड. "हे भोक नाही. अजून एक गाडी आहे. पाठवू?"

आता बाबा गुडघ्यांचं सांगणार, असं मला वाटलं.

"पाठवा," ते म्हणाले आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. "पण हे आता हिच्याकडे."