गाण्यागणिक एक गाडी

लष्करी गाड्यांचं वेळापत्रक आखणारा प्रोग्राम कॅप्टन कल्पिताने स्वतः लिहिला होता. कोणती गाडी कुठल्या रस्त्याने आणि कधी सोडली, म्हणजे सगळ्या मिळून लवकरात लवकर उरणच्या धक्क्यावर पोचतील, हे तो शोधायचा. माणूस चार पर्याय पाहून दमतो. हा हजारो तपासून त्यातला सर्वांत चांगला काढून द्यायचा. आज त्याची खरी परीक्षा होती. कर्नलसाहेबांनी बजावलं होतं, "जहाज भरतीला सुटणार. एक जरी गाडी मागे राहिली, तर पुढच्या सरावाला तुमचा प्रोग्राम नको."

कल्पिता पहिल्याच ट्रकात, हवालदार कुलदीपच्या शेजारी बसली होती. प्रोग्रामने गावातला जवळचा रस्ता निवडला होता. संध्याकाळी तो रिकामाच असतो म्हणे! वळण घेतलं आणि कुलदीपने कचकन ब्रेक दाबला. रस्त्यात मांडव, मांडवापुढे बँजो आणि बँजोपुढे हळदीने माखलेलं अख्खं गाव नाचत होतं.

"मॅडम, रिकामा म्हनजे हाच ना?" तळे गावचा कुलदीप हसू दाबत म्हणाला.

कल्पिताने कपाळावर हात मारला. रस्त्यावरची वर्दळ तिने मोजली होती पौषात. पौषात कुठली लग्नं? आता माघ लागला होता, आणि उरणात वाढलेली ही मुलगी हळदी हिशोबात धरायलाच विसरली होती. प्रोग्राम बिचारा काय करणार? त्याला सांगाल तेवढंच कळतं.

एवढ्यात नवरीची आत्या, काशीबाई, पिवळे हात घेऊन खिडकीशी आली. "काय गो, हळदीला मिलिट्री घेऊन आलीस? उतर, नाच!"

"आत्या, माझं जहाज सुटेल. रस्ता द्या ना."

"नाच थांबवू? नवरी रुसंल माझी! गानं संपलं का पोरं पानी पितात. तवा काढ एक गाडी. एकच, न्हायतर मीच आडवी होईन."

कल्पिताने मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये नवा नियम घातला: हा रस्ता बंद, पण दर गाण्यानंतर एका ट्रकापुरता उघडा. लगेच नवं वेळापत्रक आलं. लांब ट्रेलर हमरस्त्याने, छोटे ट्रक इथून. सगळेच हमरस्त्याला लावले असते तर तिथेच कोंडी झाली असती. तिने वायरलेसवर हुकूम दिले. तरी हिशोबात शेवटच्या ट्रकाची भरती चुकतच होती.

"हे गानं तर संपतच न्हाय," कुलदीप कुरकुरला.

कल्पिता खिडकीतून ओरडली, "आत्या, बँजोवाल्याला छोटी छोटी गाणी वाजवायला सांगा ना!"

काशीबाई खो खो हसली आणि बँजोवाल्याकडे वळली.

जहाजाची फळी उचलायच्या बेतात असताना शेवटचा ट्रक आत शिरला. त्याच्या बॉनेटवर हळदीचे पंजे उठले होते.

"हे वेळापत्रकात होतं?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"नव्हतं सर. आता घातलंय."

"मग पुढच्या सरावालाही हाच प्रोग्राम. तो सरावही माघातच आहे, लक्षात ठेवा."

मांडवातून निघताना घेतलेल्या काशीबाईच्या नंबरावर कल्पिताने तिथूनच फोन लावला. "आत्या, माघात अजून कुठे कुठे हळदी आहेत हो?"

"बस खाली," पलीकडून आवाज आला, "लई हायत."