खिशातला घास

"नळ सोडा," परीक्षक मॅडम म्हणाल्या. रोशनीने नळ सोडला. नळाने घसा खाकरला आणि तो गप्प झाला.

"पाणी आहे असं समजा."

त्या समजलेल्या पाण्याने रोशनीने कोपरापर्यंत हात धुतले. गाऊन, मास्क, हातमोजे चढवून ती आयसोलेशनच्या खोलीत शिरली. नर्सिंगची शेवटची प्रॅक्टिकल होती. पास झाली तर नोकरी. नापास झाली तर सुरगाण्याला घरी, जिथे बापाने स्थळ पाहूनच ठेवलं होतं.

खोलीत भागीबाई होती. पेठकडची, क्षयाची. परीक्षेसाठी 'केस' म्हणून आपलीच निवड झाली हे ऐकून तिने सकाळी नीट अंबाडा घातला होता. नवऱ्याला आत सोडत नसत. तो दारातूनच नागलीची भाकरी देऊन गाडीने परत जाई. आणि भाकरीचीच तर पंचाईत होती. समोरच्या माणसाला घास दिल्याशिवाय जेवायचं, हे भागीबाईच्या घरात कोणी केलं नव्हतं. "पयला तू घे, बाय. त्याबिगर मला जात नाय," ती म्हणे. मास्क लावलेली मुलगी काय खाणार? या खोलीत रोज ड्यूटीला येणारी रोशनी तुकडा घेई, बाहेर गेल्यावर खाईन म्हणे आणि गाऊनच्या खिशात टाकी. आयसोलेशनच्या गाऊनला खिसा कशाला, हे शिंप्यालाच ठाऊक. भागीबाईची पाठ वळली की तुकडा कचऱ्याच्या बादलीत जाई. भागीबाई मात्र पोटभर जेवे, आणि वजनाच्या काट्यावर ते दिसू लागलं होतं.

आजही तिने तुकडा पुढे केला. रोशनीने सवयीने घेतला, सवयीने खिशात टाकला.

"खिशात काय ते?" मॅडमनी दारातून विचारलं.

"भाकरी, मॅडम."

"ती बाहेर जाणार?"

"नाही, मॅडम. खोलीतली वस्तू खोलीतल्याच बादलीत टाकायची."

"सांगू नका. करून दाखवा."

पाण्यासारखं हेही समजून घेता आलं असतं. पण मॅडमना हे प्रत्यक्ष हवं होतं. रोशनीने भागीबाईकडे पाहिलं नाही. पायाने बादलीचं झाकण उघडलं आणि तुकडा आत टाकला. मॅडमनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी रोशनी जेवणाच्या वेळी आली, तेव्हा भागीबाईनेच विषय काढला.

"पास झालीस का, बाय?"

"झाले, आजी."

"बरं झालं."

तिने भाकरीचं फडकं मांडीवर घेतलं, पण आज तुकडा पुढे केला नाही. मग रोशनीची अडचण होऊ नये म्हणून ती खाटेवर हळूहळू वळली, पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून जेवू लागली.